उपशाच्या दिवशीचा गडू

मी पाण्याचं वय काढते. काय करता असं कोणी विचारलं की मी हेच सांगते आणि समोरचा माणूस हमखास हसतो. बायकांचं वय विचारू नये, पाण्याचं चालतं का, हा विनोद मी इतक्या वेळा ऐकलाय की आता मला हसायचं नाटकही जमत नाही. काम मात्र साधं आहे. पावसाच्या पाण्यात ट्रिशियम नावाचा हायड्रोजनचाच एक जड भाऊबंद अगदी किंचित असतो. पाणी जमिनीत मुरलं की त्याची नवी भर थांबते आणि असलेला घटत जातो, साधारण बारा वर्षांत निम्मा. गेल्या शतकाच्या मध्याला अणुबॉम्बच्या चाचण्या सुरू झाल्या तेव्हा हवेतलं त्याचं प्रमाण भरमसाट वाढलं. त्यामुळे त्याआधी मुरलेल्या पाण्यात आज तो नसल्यात जमा असतो आणि अलीकडच्या पाण्यात सापडतो. दुसरी खूण ऑक्सिजनची. तलावात उन्हात पडून राहिलेल्या पाण्यातला हलका भाग आधी उडून जातो, जड मागे राहतो. मुंबईच्या नळाला येणारं पाणी तलावाचं, म्हणून ते लगेच ओळखता येतं.

या दोन खुणांवर माझं वीस वर्षं पोट चाललंय. कुठल्या कुठल्या गावांच्या विहिरींची वयं मी सांगितली. डिलाईल रोडला ज्या चाळीत माझा जन्म झाला, तिथल्या विहिरीचं वय मात्र मी चुकीचं सांगितलं, आणि तेही माइक हातात घेऊन.

आमची विहीर चाळीच्या मागच्या अंगणात होती. पिण्यासाठी तिचं पाणी माझ्या आठवणीत कोणी वापरलं नाही. पण लग्नघरची हळद भिजवायला, गणपतीच्या कलशाला, बाळंतिणीच्या पूजेला तिचंच पाणी लागायचं. तिची राखण माझ्या वडिलांकडे होती. हे पद कुणी दिलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी राखली म्हणून त्यांनी राखली. गिरणीत ते साचाखात्यात होते, साचे म्हणजे माग. गिरणी गेली, मग कुठेकुठे वॉचमन म्हणून उभे राहिले, आई गेली, पण सकाळी विहिरीची जाळी उघडून आत वाकून बघायचं काही त्यांनी सोडलं नाही.

बारा-पंधरा वर्षांनी एकदा विहिरीचा उपसा व्हायचा. मे महिन्यात, पाणी अगदी तळाला गेलं की पंप लावून विहीर कोरडी करायची आणि गाळ काढायचा. तळाच्या काळ्या खडकात बोटभर रुंदीची एक फट होती, तिच्यातून मग पाणी यायला लागायचं. पहिलं आलेलं पाणीसुद्धा काढून टाकायचं, कारण त्याला माणसांचे पाय लागलेले. त्यानंतर फटीच्या तोंडाशी तांब्याचा गडू धरायचा, काठोकाठ भरायचा आणि तिथल्या तिथे झाकणाला कथलाचा डाग देऊन तो बंद करायचा. हा गडू पुढच्या उपशापर्यंत आमच्या देव्हाऱ्यात राहायचा. पुढचा उपसा झाला की जुन्या गडूतलं पाणी परत विहिरीत सोडायचं आणि नवा गडू भरायचा. शेवटचा उपसा झाला तेव्हा मी दादरला माझ्या संसारात होते. फोनवर बाबांनी गडू भरल्याचं सांगितलं, मी बरं म्हटलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला.

चाळीच्या पुनर्विकासाचं नक्की झालं आणि नकाशात विहिरीच्या जागी तळघरात जाणारा गाड्यांचा उतार आला. बाबा मीटिंगमध्ये उठून उभे राहिले. विहीर जिवंत आहे, तिला स्वतःचा झरा आहे, पाणी चाळीच्याही आधीचं आहे, ती बुजवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. बिल्डरचा इंजिनिअर मोठा गोड माणूस होता. त्याने वाद घातला नाही. पाणी जमिनीतलं जुनं आहे असं सिद्ध करा, आम्ही उतार दुसरीकडे नेऊ, पण ते फुटक्या पाइपलाइनचं निघालं तर मात्र हट्ट सोडायचा, असं त्याने कागदावर लिहून दिलं. मग सेक्रेटरी माझ्याकडे आले. आपल्याच चाळीची मुलगी या कामातली तज्ज्ञ आहे म्हटल्यावर बाहेर कुठे जायचं, असं ते म्हणाले. आपल्या घरच्या कामाला आपण हात लावू नये, नमुना दुसऱ्याने घ्यावा, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण मी फुगले. ज्या गॅलरीत फ्रॉक घालून फिरले तिथे लोक मला मॅडम म्हणणार होते, आणि हे सुख मला सोडवलं नाही.

नमुना घ्यायला मी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी गेले. प्रयोगशाळेतले दोन सहकारी बरोबर होते. अंगण झाडून काढलेलं, कठड्याला चुना लावलेला, बाबा इस्त्रीच्या शर्टात. जमलेल्या लोकांना मी आधी घड्याळं काढायला लावली. काही जुन्या घड्याळांच्या काट्यांना अंधारात चमकणारा रंग असतो, त्यात ट्रिशियम असू शकतो, आणि तेवढ्याने नमुना बिघडतो. मी हे जरा आवाज चढवूनच समजावून सांगितलं. लोकांनी मुकाट्याने घड्याळं काढून खिशात घातली, तर मी ती घरात ठेवून यायला लावली. सगळ्या अंगणभर माझा दरारा पसरला होता.

विहिरीत डोकावले तर पाणी हात-दीड हात खाली. एप्रिलमध्ये एवढं पाणी मी लहानपणी कधी पाहिलं नव्हतं, तळ दिसायचा. हे माझ्या लक्षात आलं. क्षार मोजायचं मीटर पाण्यात धरलं तर आकडा फारच कमी आला. समुद्र एवढा जवळ असताना त्या भागातल्या विहिरीचं पाणी इतकं गोडं नसतं. हेही माझ्या लक्षात आलं, आणि वहीत मी तो आकडा नीट अक्षरात लिहून घेतला. क्लोरीन तपासायची बाटली बॅगेत होती, ती बॅगेतच राहिली. नियमाप्रमाणे विहीर आधी उपसायला हवी होती. साचलेलं पाणी काढून टाकायचं, आतून नवं येऊ द्यायचं आणि त्याचा नमुना घ्यायचा. पण पंप नादुरुस्त होता, सेक्रेटरींना अकरा वाजता कुठेतरी जायचं होतं, बायका हळदकुंकू घेऊन खोळंबल्या होत्या आणि सहकाऱ्यांपुढे चाळीचा हा सगळा पसारा बघून मला संकोच वाटत होता. पाणी एवढं भरलंय म्हणजे खालून येतंय, असं मी स्वतःला सांगितलं. बाटली पाण्याखाली बुडवून भरली, बुडबुडा राहू दिला नाही, बूच लावलं, सही केली. अर्ध्या तासात आम्ही चहा पीत होतो.

ट्रिशियमचा निकाल लवकर येत नाही. पाण्यात वीज सोडून त्याचं विघटन करतात. साधं पाणी उडत जातं आणि उरलेल्या थोड्याशा पाण्यात ट्रिशियम गोळा होतो, मग तो मोजायचा. हे महिनोन्महिने चालतं. तोवर चाळ देव पाण्यात घालून बसली होती. बाबा मात्र निर्धास्त होते. फोनवर ते निकालाचं विचारतसुद्धा नसत, जेवलीस का एवढंच विचारत.

निकाल आला. ट्रिशियम हल्लीच्या पावसाइतका आणि ऑक्सिजनची खूण तलावाच्या पाण्याची. विहिरीतलं पाणी नळाचं होतं, अगदी ताजं. मी पुन्हा तपासून घेतलं, तेच आलं. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण त्याच्या खाली, मला कबूल करायला आवडत नाही असा, एक अभिमानही वाटला. बापाच्या विरुद्ध निकाल देणारी मी किती निःपक्षपाती, असा.

मीटिंगमध्ये मी अहवाल वाचला. जमिनीखालची पाइपलाइन कुठेतरी गळते आहे आणि तेच पाणी विहिरीत साठतं आहे, असं मी सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि लोक हसले. तेव्हा बाबा उठले. देव्हाऱ्यात गडू आहे, तो तपासा, असं ते म्हणाले. शांतपणे म्हणाले. मी माइकवर होते. खाली उतरून त्यांच्याशी बोलता आलं असतं, पण मी माइकवरच बोलले.

"बाबा, देव्हाऱ्यातल्या गडूवर विज्ञान चालत नाही. श्रद्धा घरात ठेवा."

बिल्डरच्या इंजिनिअरने टाळी वाजवली नाही, फक्त माझ्याकडे बघून मान लववली. नंतर त्याने माझ्या निःपक्षपातीपणाचे आभारही मानले. बाबा खाली बसले आणि मीटिंग संपेपर्यंत समोर बघत राहिले. मला वाटलं, त्यांना अपमान वाटतोय. वाटू दे, सत्य पचायला वेळ लागतो, असंही मला वाटलं. अशी वाक्यं मला तेव्हा सहज सुचत असत.

चाळ रिकामी झाली. विहिरीत आधी चाळीचंच डेब्रिज टाकलं, मग मुरूम. बाबा बघायला जायचं म्हणाले तर मी नको म्हटलं, आणि ते गेले नाहीत. माझ्याकडे दादरला राहायला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, आईचा फोटो आणि तो गडू एवढंच सामान होतं. माझ्या छोट्या देव्हाऱ्यात गडू बसेना, म्हणून मी तो भांड्यांच्या कपाटात ठेवायला सांगितला. त्यांनी देव हलवले, दाटीवाटी केली आणि तो तिथेच ठेवला. आता विहीर नाही, मग हे पाणी सोडणार कुठे, असं मी विचारलं तर आपल्या गावच्या बोलीत म्हणाले, "आता ह्या माझ्याबरोबर जातला." मी भाजी निवडत होते. वरवर ऐकलं आणि पुढची जुडी घेतली.

वर्षभराने एका सकाळी आमच्या संस्थेचे मोठे साहेब माझ्या घरी चहाला यायचे होते. मी सकाळपासून आवराआवर करत होते. जुनी वर्तमानपत्रं पलंगाखाली, फाटकी पायपुसणी गॅलरीत, माठ रिकामा दिसू नये म्हणून काठोकाठ भरलेला. बाबा खुर्चीत बसून बघत होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. मी वैतागून विचारलं, काय झालं हसायला? तर म्हणाले, शेवटी तू माझीच मुलगी. गिरणीत साहेबाची फेरी असली की आम्हीही खातं असंच लख्ख करायचो, तुटलेले धागे साच्याखाली सरकवायचो. आणि मग त्याच सुरात, चहाला साखर किती ते सांगावं तसं म्हणाले, "तू येतलंस म्हणान मी बावसुद्धा भरलंय नाय?"

मी हातातलं फडकं ठेवलं. बाव म्हणजे विहीर. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं.

तळ दिसत होता, म्हणाले. लेक एवढी शिकलेली, ऑफिसची माणसं घेऊन येणार, आणि त्यांना कोरडी विहीर दाखवायची? चांगल्या कामाला आलेल्या माणसापुढे रिकामं भांडं ठेवू नये, हे आईने तुला शिकवलं नव्हतं का? म्हणून तीन दिवस पाण्याच्या वेळेला त्यांनी अंगणातल्या नळाला पाइप लावून तो विहिरीत सोडला होता. पाइप सेक्रेटरींनीच काढून दिला होता. तळमजल्याच्या चार घरांनी त्या तीन दिवसांत आपापलं पाणी कमी भरलं. म्हणजे अर्ध्या चाळीला माहीत होतं, मला सोडून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, हे ज्याने म्हटलं त्याच्याच पाइपने आड भरला होता. तो मुद्दाम गप्प राहिला की त्याला काही कळलंच नाही, हे मला आजही ठाऊक नाही, आणि मी विचारायलाही गेले नाही. कोणत्या तोंडाने जाणार? मीटरचा आकडा माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत होता.

मी ओरडलेच. मीटिंगमध्ये मी नळाचं पाणी म्हणाले तेव्हा तरी बोलायचं होतं, तेव्हा कळलं नाही का, असं मी विचारलं. आरोप करून मोकळं व्हायची मला घाई झाली होती.

"कळला," बाबा म्हणाले. "तेव्हाच कळला. पण लोकांसमोर तुझा नाक गेला असता, गो."

साहेब आले, चहा झाला, घर किती नीटनेटकं ठेवलंय म्हणाले. त्या दिवशी मला माझ्या घराची किळस आली.

विहीर आता वीस फूट मुरुमाखाली होती. पण गडू होता. आणि तो आठवल्यावर माझ्या लक्षात आलं, आम्ही जो नियम विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून शिकवतो तो या लोकांनी शब्दाशब्दाने पाळला होता. साचलेलं पाणी काढा. पहिलं आलेलं टाकून द्या. झऱ्याच्या तोंडाशी भरा. हवा राहू देऊ नका. लगेच बंद करा. त्या विहिरीचा खरा नमुना जगात एकच होता, आणि तो तपासा असं सांगणाऱ्या म्हाताऱ्याला मी माइकवरून गप्प केलं होतं.

मी बाबांकडे गडू मागितला. तपासून आणते, असं सांगितलं. त्यांनी देवाला हात जोडले आणि तो काढून माझ्या हातात दिला. रक्त तपासायला नेतात तसं थोडंसं काढून घेतील, अशी त्यांची समजूत असणार. मला ते दिसत होतं. पाणी मुळातच कमी, सगळंच लागणार, हेही मला माहीत होतं. मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी दिला नसता, आणि मला निकाल हवा होता. कोणासाठी हवा होता, हे मी स्वतःला विचारलं नाही.

डाग मी स्वतः उघडला. आत पाणी नितळ होतं, तांब्याचा वास होता. क्षारांचा आकडा चांगला वर आला, समुद्राजवळच्या विहिरीला शोभेल असा. ऑक्सिजनमध्ये तलावाची खूण नव्हती, ते मुंबईतच पडलेल्या पावसाचं पाणी होतं. मग सगळं पाणी मी विजेला लावलं. रोज जाऊन बघत होते, दर दिवशी थोडं कमी झालेलं असायचं. शेवटी तळाला चमचाभर उरलं, ते रसायनात मिसळून मोजणीला ठेवलं. ट्रिशियम नव्हता. पाणी गडूत बंद होतं त्या वर्षांची घट धरूनही नव्हता. म्हणजे ते पाणी अणुबॉम्बच्या चाचण्यांच्या आधी जमिनीत मुरलेलं होतं, बाबांच्याही जन्माआधी. चाळीआधीचं की कसं ते ट्रिशियम सांगू शकत नाही, त्याला वेगळी तपासणी लागते आणि तिला पुष्कळ पाणी लागतं. पाणी आता नव्हतंच. पण फटीतून येणारं पाणी जुनं होतं, विहीर जिवंत होती, आणि बाबांचं बरोबर होतं.

निकालाचा कागद आणि गडू घेऊन मी घरी आले. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी त्यांच्या पायाशी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. तुमचं बरोबर होतं, मी चुकले, असं स्पष्ट म्हटलं. सोसायटीला लेखी कळवते, चाळीच्या सगळ्या लोकांसमोर वाचून दाखवते, असंही म्हटलं. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून माझी सही तेवढी बघितली आणि घडी करून खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, मी खोटं सांगत नाही. माझा बाप त्या क्षणी खूश होता.

मग त्यांनी गडूसाठी दोन्ही हात पुढे केले. मी तो दिला. त्यांचे हात जडपणाच्या तयारीने आले होते, ते एकदम वर उचलले गेले.

"पाणी खंय?"

तपासताना संपतं, मी सांगितलं. सगळंच लागतं. थेंबही उरत नाही.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. हे पाणी माझ्याबरोबरच जाईल, हे भाजी निवडताना ऐकलेलं त्यांचं वाक्य मला तेव्हा आठवलं, आठवायला हवं होतं त्याच्या कितीतरी नंतर. उघडलेल्या डागावरून त्यांनी अंगठा फिरवला, खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी नळ सोडला, गडू विसळला, धार बारीक करून काठोकाठ भरला. धोतराच्या सोग्याने बाहेरून पुसला आणि देव्हाऱ्यात, आईच्या फोटोशेजारी, होता तिथे ठेवला.

"रिकामो ठेवचो नसता," म्हणाले, आणि नळ नीट बंद झालाय का ते बघायला परत गेले.